स्विफ्ट घेताना आधी पिढी ओळखा, मग किंमत बोला

मारुती सुझुकी स्विफ्ट भारतात २००५ साली आली आणि २०११, २०१८ व २०२४ मध्ये तिच्या नव्या पिढ्या निघाल्या. म्हणून विक्रेता सांगेल त्या वर्षापेक्षा आरसीवरील नोंदणीची तारीख आधी पाहावी. पहिल्या पिढीतील बहुतेक गाड्यांची १५ वर्षांची नोंदणी संपलेली आहे, आणि तिचे नूतनीकरण व पर्यावरण कर हिशेबात धरला की त्यांची स्वस्ताई फारशी उरत नाही, असे माझे मत आहे. डिझेल हवेच असेल तर जुनीच गाडी शोधावी लागेल, कारण २०२० मध्ये बीएस-६ हे प्रदूषणाचे कडक नियम लागू होताना ते इंजिन बंद झाले.

जुनी गाडी सकाळी, इंजिन थंड असतानाच पाहावी (मालकाने आधीच चालू करून ठेवली असेल, तर बॉनेटवर हात ठेवताच कळते). ऑइलचे झाकण उघडून आत पांढरट साय धरली आहे का, दरवाज्याचे रबर ओढल्यावर खालचे वेल्डिंगचे ठिपके दोन्ही बाजूंना सारखे दिसतात का आणि डिकीत स्टेपनीखाली ओल किंवा गंज आहे का, हे तपासावे. २०२४च्या पिढीत सर्व व्हेरिएंटमध्ये सहा एअरबॅग आहेत. मात्र इंजिन तीन सिलिंडरचे असल्याने सिग्नलला जाणवणारी थरथर आपल्याला खपते का, हे टेस्ट ड्राइव्हमध्ये स्वतः अनुभवावे.