प्रेरित भूकंपांवर पीएचडी: बी-व्हॅल्यूवर भाळण्याआधी

प्रेरित भूकंप म्हणजे माणसाच्या कामामुळे, इथे खडकात पाणी पंप केल्यामुळे, होणारे भूकंप. बी-व्हॅल्यू म्हणजे मोठ्या भूकंपांच्या तुलनेत लहान किती, हे सांगणारा आकडा; ती घसरली की मोठ्यांचं प्रमाण वाढलं असं मानतात. भूऔष्णिक प्रकल्पाचा कॅटलॉग (भूकंपांची नोंदयादी) डाउनलोड केला, कोड चालवला, पंप सुरू असताना बी-व्हॅल्यू घसरलेली दिसली, की लगेच पेपर लिहायला बसू नका. या विषयात सगळ्यात जास्त महिने इथेच वाया जातात.

पंप चालू झाले की साइटवरचा गोंगाट वाढतो. लहान भूकंप त्यात बुडतात आणि कॅटलॉगमध्ये येतच नाहीत. म्हणजे एमसी, ज्या मॅग्निट्यूडच्या वर नोंद पूर्ण आहे ती मर्यादा, वर सरकते. तुम्ही सगळ्या काळासाठी एकच एमसी धरलीत तर लहान घटना गळाल्यामुळे सरासरी मॅग्निट्यूड वाढतं आणि बी-व्हॅल्यू खाली येते. खडकात काहीच बदललेलं नसतं! म्हणून पंपिंगच्या प्रत्येक टप्प्याची एमसी वेगळी काढा, दिवस-रात्रीची वेगळी तपासा. कुठलं स्टेशन कधी बसवलं, कधी बंद पडलं ही यादीही शेजारी ठेवा.

मग बिनिंग, म्हणजे मॅग्निट्यूड ठरावीक टप्प्यांत गोल करणं. बी काढायचं सूत्र असं: 0.434 भागिले सरासरी मॅग्निट्यूड आणि एमसीमधलं अंतर. मॅग्निट्यूड 0.1 च्या टप्प्यांत दिलं असेल तर या सूत्रात एमसीमधून 0.05 वजा करायलाच हवेत. सरासरी आणि एमसीमधलं अंतर 0.43 असेल, तर ही दुरुस्ती न करता बी 1.01 येते, केल्यावर 0.90. प्रमाण त्रुटी म्हणजे बी भागिले घटनासंख्येचं वर्गमूळ. पन्नास घटनांवर ती 0.14 च्या आसपास जाते, त्यामुळे 1.0 आणि 1.2 यांतल्या फरकावर सिद्धांत उभा राहत नाही.

मॅग्निट्यूड कोणतं, हेही आधी बघा. फार लहान भूकंपांत लोकल मॅग्निट्यूड (नोंदलेल्या कंपनांच्या उंचीवरून काढलेलं) हे मोमेंट मॅग्निट्यूडच्या (खडक किती भागात, किती सरकला यावरून काढलेलं) साधारण दीडपट वेगाने बदलतं. त्यामुळे लोकलवर 1.0 आलेली बी मोमेंटवर 1.5 होऊ शकते. दोन प्रकल्पांची तुलना करायची तर दोन्ही एकाच मापात आणा.

घाबरू नका, हे सगळं शिकता येतं. सरावाला कॅलिफोर्नियातल्या द गीझर्स या भूऔष्णिक क्षेत्राचा किंवा अमेरिकेतल्याच युटा फोर्ज या भूऔष्णिक प्रयोगस्थळाचा खुला डेटा घ्या. स्वतःच्या प्रकल्पासाठी मात्र प्रवाहाचा दर आणि विहिरीच्या तोंडावरचा दाब प्रसिद्ध करायची लेखी परवानगी विषय ठरण्याआधीच मिळवा. तोंडी आश्वासनावर प्रबंध उभा करू नये. डेटा आला की आधी वेळ जुळवा: पंपाची नोंद बऱ्याचदा स्थानिक वेळेत असते, भूकंपांची यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत). एक तास इकडेतिकडे झाला तरी कार्यकारणभाव उलटा दिसतो.

मशीन लर्निंग पिकर, म्हणजे नोंदींमधून भूकंपाचे तरंग आपोआप शोधणारा प्रोग्राम, जरूर वापरा, कॅटलॉग कितीतरी मोठा होतो. पण यादृच्छिक दोनशे वेव्हफॉर्म (कंपनांचे आलेख) डोळ्यांनी तपासल्याशिवाय तो कॅटलॉग वापरणं मला मान्य नाही. गाइडही असाच निवडा, जो तुमच्याबरोबर बसून कच्चा सिग्नल उघडेल. नुसत्या मोठ्या नावाने पी-तरंग (भूकंपाचा सगळ्यात आधी पोहोचणारा तरंग) ओळखता येत नाही.

आणि पंप थांबला तिथे विश्लेषणाची खिडकी कापू नका. 2006 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या भूऔष्णिक प्रकल्पाचा 3.4 चा धक्का पंपिंग थांबवल्यावर काही तासांनी आला आणि 3 च्या वरचे आणखी धक्के 2007 उजाडल्यावरही बसले. दक्षिण कोरियातल्या पोहांगच्या भूऔष्णिक प्रकल्पाजवळ 15 नोव्हेंबर 2017 चा 5.5 चा भूकंप शेवटच्या पंपिंगनंतर सुमारे दोन महिन्यांनी झाला. दाब खडकात पसरत राहतो, म्हणून निदान काही महिन्यांची नंतरची नोंद घ्या, आणि पंपिंगपूर्वीची पार्श्वभूमीही.