स्पोर्ट्स कारची टेस्ट ड्राइव्ह : आधी आपली गाडी, मग ती, मग पुन्हा आपली

स्पोर्ट्स कार चालवून पाहण्याआधी आपल्या सध्याच्या गाडीचे टायर, शॉक ॲब्सॉर्बर आणि व्हील अलाइनमेंट तपासून घ्यावे, असे मी सांगतो तेव्हा बहुतेकांना हसू येते. नवी गाडी घ्यायची ठरत असताना जुनीवर खर्च कशाला, असा त्यांचा प्रश्न असतो. परंतु शोरूमची गाडी जेमतेम दोन-तीन हजार किलोमीटर चाललेली, धुतलेली, चारही टायरांत मोजून हवा भरलेली असते आणि तिच्यासमोर आपण उभी करतो ती ऐंशी हजार किलोमीटर गोव्याचे गतिरोधक झेललेली, रबरी बुश झिजलेली आपली गाडी. अशा तुलनेत जे 'स्पोर्टी' वाटते, त्यातला बराचसा भाग निव्वळ नवेपणाचा असतो. माझ्या दहा वर्षांच्या होंडा सिटीबाबत हे मला उशिरा कळले. पहिल्या टेस्ट ड्राइव्हनंतर ती मला बैलगाडीसारखी वाटू लागली होती. पुढच्याच महिन्यात चार टायर आणि पुढचे दोन शॉक ॲब्सॉर्बर बदलले, तेव्हा स्टिअरिंगमधला जो ढिलेपणा मी त्या मॉडेलचा दोष समजत होतो, तो निघून गेला. म्हणून दुरुस्ती आधी आणि तुलना नंतर, हा क्रम सोडू नये.

दुसरी तयारी कागदावरची आहे आणि तिला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाही. दोन्ही गाड्यांची शक्ती, वजन, रुंदी, डिकी आणि टायरांचे माप शेजारी-शेजारी लिहून काढावे. उदाहरणादाखल बीएमडब्ल्यूची दोनच आसनांची स्पोर्ट्स कार, झेड४ एम४०आय घेऊ. ३ लिटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन, ३४० अश्वशक्ती आणि सुमारे १६०० किलो वजन, म्हणजे टनामागे सुमारे २१२ अश्वशक्ती. माझ्या सिटीची ११९ अश्वशक्ती सुमारे ११०० किलो ओढते, म्हणजे टनामागे १०८. जाहिरातीत आकडे कितीही चमकले तरी वजनाने भागल्यावर फरक दुपटीच्या आसपास येतो, तिपटीचा राहत नाही. रुंदी मात्र नीट पाहावी : आरसे न धरता झेड४ची १८६४ मिलिमीटर, तर सिटीची १६९५. सतरा सेंटिमीटरचा हा फरक महामार्गावर जाणवत नाही. चिऱ्यांच्या दोन कुंपणांमधून जाणाऱ्या गावच्या रस्त्यावर समोरून कदंबची बस आली की लगेच जाणवतो. डिकी २८१ लिटर विरुद्ध ५१० लिटर, आणि मागची आसने नाहीतच. चवथीला गणपतीची मूर्ती कोणाच्या मांडीवर आणायची आणि माटोळीचे, म्हणजे मूर्तीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीचे, सामान कुठे ठेवायचे, हा प्रश्न गोव्यातल्या घरात विनोदाचा नाही. उत्तर 'दुसऱ्या गाडीत' असे असेल, तर ती दुसरी गाडी घरात राहणार हे हिशेबात आताच धरावे.

आता घरचे फाटक. हा भाग मी जरा सविस्तर सांगतो, कारण माझ्या पाहण्यात सगळ्यांत जास्त पश्चात्ताप इथेच झाला आहे. गोव्यात रस्त्यावरून घराच्या आवारात शिरताना बहुधा गटारावरचा काँक्रीटचा किंवा चिऱ्यांचा उतार असतो. गाडीचे पुढचे चाक उताराच्या पायथ्याशी टेकते, तेव्हा बंपरची खालची कड त्या चाकाच्या बरीच पुढे, उताराच्या वर आलेली असते. ती घासेल की नाही, हे गाडी न नेताही कळू शकते. शोरूममध्ये टेप घेऊन जावे आणि पुढच्या चाकाच्या मध्यापासून बंपरच्या टोकापर्यंतचे आडवे अंतर व बंपरच्या खालच्या कडेची जमिनीपासूनची उंची, अशी दोन मापे घ्यावीत. घरी उताराच्या पायथ्यापासून तेवढ्याच आडव्या अंतरावर उतार किती चढला आहे, ते सरळ फळी आणि पाणसळ लावून मोजावे. चढ बंपरच्या उंचीपेक्षा कमी भरला पाहिजे, आणि तोही निदान दोन बोटे कमी, कारण ब्रेक लावल्यावर गाडीचे नाक खाली झुकते आणि डिकीत सामान नसले तरी शेजारी माणूस बसलेला असतो.

माझ्या मेहुण्याने ज्या गाडीवर मन जडवले होते तिची कड जमिनीपासून १३ सेंटिमीटरवर होती, आणि त्याच्या म्हार्दोळच्या घराचा उतार तेवढ्याच अंतरात १७ सेंटिमीटर चढत होता. टेप त्याच्या हातात होता. त्याने तीनदा मोजले. गाडी तिरपी घालून एकेक चाक चढवले, तर कधीकधी एवढा फरक निभावतो, पण त्यासाठी फाटक रुंद हवे आणि त्याचे फाटक आठ फुटांचे. उताराचा माथाही पाहावा, कारण तिथे बंपर वाचला तरी गाडीचे पोट टेकते. इंजिनाखालच्या ज्या भागाला आपले मेकॅनिक चेंबर म्हणतात, तो फुटला तर इंजिनातले सगळे तेल रस्त्यावर येते.

हीच कसोटी फेरीबोटीला लावावी. चोडण, दिवाडी अशा बेटांवर ज्यांचे जाणे-येणे आहे, त्यांना ठाऊक असते की बोटीचा धक्क्यावर टेकणारा जो फळा भरतीला जवळजवळ सपाट असतो तोच ओहोटीला उभा होतो. तिथे तिरपे चढण्याची सोय नसते आणि मागे स्कूटरवाल्यांची रांग लागलेली असते. गतिरोधकांचेही तसेच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गोलसर गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. गावोगावी रातोरात उगवणारे गतिरोधक हे मानक वाचून बांधलेले नसतात. रोजच्या वाटेवरचे सर्वांत वाईट दोन-तीन मनात धरावेत आणि टेस्ट ड्राइव्हच्या मार्गात त्यांपैकी एक तरी आणावा.

मार्ग आपण ठरवावा, विक्रेत्याने नव्हे. एका शोरूमने मला सात मिनिटांची फेरी दिली होती : रुंद रस्ता, एक वळसा, परत. मी गावातून जाणाऱ्या वाटेकडे स्टिअरिंग वळवताच शेजारी बसलेला तरुण घाईघाईने म्हणाला, "पात्रांव, थंय नाका," म्हणजे 'साहेब, तिकडे नको'. त्या तीन शब्दांतून गाडीविषयी जेवढे कळले तेवढे माहितीपत्रकातून कळले नव्हते. वेळ ठरवतानाच किमान पाऊण तास मागावा, मार्ग आधी सांगावा, आपला परवाना सोबत ठेवावा आणि टेस्ट ड्राइव्हमध्ये गाडीला ओरखडा आल्यास भरपाई कोणी करायची, हे लेखी विचारावे. पणजीच्या बाजूला असाल तर २०१९ मध्ये खुला झालेला अटल सेतू एकसमान वेगासाठी बरा, कारण त्यावर दुचाकींना मनाई आहे. मग जुने गोवे, बाणस्तारी, भोमचा अरुंद पट्टा आणि फर्मागुडीचा चढ. एवढ्यात गोव्यातले बहुतेक सर्व प्रकारचे रस्ते येऊन जातात. हाच मार्ग त्याच दिवशी, शक्य तर त्याच शेजारच्या माणसासह, आधी आपल्या गाडीने करावा, लगेच नव्या गाडीने आणि शेवटी घरी जाताना पुन्हा आपल्या गाडीने. तिसरी फेरी लोक गाळतात. प्रत्यक्षात तीच सर्वांत बोलकी असते, कारण आपल्या गाडीत नेमके काय कमी आहे आणि काय उगाच कमी वाटत होते, हे तिथे वेगळे होते.

शोरूमला आधीच सांगावे की इंजिन आपण गेल्यावरच सुरू करायचे आहे. थंड इंजिनाचा पहिला आवाज ऐकावा आणि बॉनेटवर हात ठेवून ते खरोखरच थंड असल्याची खात्री करावी. बसताना-उठताना गुडघे आणि कंबर काय म्हणतात ते पाहावे, आणि लुंगी किंवा साडी नेसणाऱ्या घरच्या मंडळींनाही एकदा बसवून उठवावे. पहिली दहा मिनिटे रेडिओ बंद, मोड कम्फर्टवर आणि वेग नेहमीचाच. शून्यापासून शंभर किती सेकंदांत, हा आकडा आपल्या रस्त्यांवर जवळजवळ निरुपयोगी आहे. ट्रकच्या मागून निघून ४० वरून ७० वर जाताना गाडी किती लवकर प्रतिसाद देते, हे खरे उपयोगाचे. ॲक्सिलरेटर दाबल्यावर मनात 'एक हजार एक' म्हणावे. ते शब्द पुरे होण्याआधी गाडीने ओढ घेतली पाहिजे. दोन्ही गाड्यांत ही चाचणी एकाच चढावर, समोरचा रस्ता पूर्ण दिसत असतानाच करावी. ब्रेकची चाचणी मागे कोणी नाही हे पाहून आणि शेजारच्याला सांगून, ६० च्या वेगावरून एकदाच करावी. गाडी सरळ रेषेत थांबते का आणि पायाला दाब चढत्या क्रमाने जाणवतो का, एवढेच पाहायचे असते. गावच्या तिठ्यावर थांबून काचेच्या बाजूच्या खांबाआड येणारी स्कूटर दिसते का, हे मी प्रत्येक वेळी पाहतो. बुटक्या आणि रुंद गाडीत तो खांब डोळ्यांसमोर आडवा येतो, आणि गोव्यात त्या खांबाआड कोणी ना कोणी असतेच. शेवटी वाहतूक तुंबलेल्या ठिकाणी एसी लावून दहा मिनिटे उभे राहावे. ऑक्टोबरच्या दुपारी ही चाचणी झाली तर फारच उत्तम.

परत आल्यावर कॉफी नंतर घ्यावी. आधी गाडीतच बसून आठवते ते लिहून काढावे, कारण विक्रेत्याशी दहा मिनिटे बोलल्यानंतर आपल्या आठवणीत त्याची विशेषणे मिसळतात.

एक टेस्ट ड्राइव्ह पावसात झाली नाही तर तुलना अपुरी राहते. गोव्यात जूनपासून चार महिने लाल चिखल, शेवाळलेले वळण आणि रस्त्यावर साचलेले पाणी गृहीत धरावे लागते. रुंद टायर कोरड्या रस्त्याला घट्ट धरतो, पण साचलेल्या पाण्यावर तोच अरुंद टायरापेक्षा लवकर तरंगू लागतो, विशेषतः त्याच्या खाचा झिजल्यावर. कायद्याने खाच १.६ मिलिमीटरपर्यंत चालते. पावसाळ्यात मी स्वतः तीनच्या खाली जाऊ देत नाही. मागच्या चाकांवर चालणारी, भरपूर टॉर्कची (चाके फिरवणाऱ्या जोराची) गाडी ओल्या वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटरला कशी वागते, हे हळू वेगातही कळते. कापडी छप्पर असेल तर घरी ती गाडी माडाखाली उभी राहणार की पत्र्याखाली, याचा विचार करावा. नारळ पडणे हा इथे अलंकारिक धोका नाही. शिवाय महिनाभर न चालवलेल्या गाडीच्या चामड्याच्या आसनांवर जुलैत बुरशी धरते, म्हणजे 'फक्त रविवारी काढू' असा बेत असला तरी पावसाळ्यात गाडी आठवड्यातून दोन वेळा काढावी लागते.

पैशांचा हिशेब करताना किमतीपेक्षा घसारा, म्हणजे वापरात गाडीची घटणारी किंमत, मांडावा. वर सांगितलेली झेड४ २०२३ मध्ये एक्स-शोरूम ८९.३० लाखांना आली होती. समजा ९० लाखांची गाडी तीन वर्षांनी ६० लाखांना विकली गेली, तर ३६ महिन्यांत ३० लाख गेले, म्हणजे महिन्याला ८३,३३३ रुपये, विमा, टायर आणि पेट्रोल वेगळे. आता आपली डायरी काढून असे किती दिवस आहेत ते मोजावे, जेव्हा रस्ता मोकळा, हवा कोरडी आणि आपण रिकामे असतो. माझ्या डायरीत ते महिन्याला चार रविवार निघाले, तेही सकाळी आठपर्यंतचे. पाऊस धरलाच नाही तरी १४४ रविवार, दर रविवारी २०,८३३ रुपये. हा आकडा पाहून कोणी गाडी घेऊच नये असे मी म्हणणार नाही. माझ्या एका मित्राने तो पाहिला, मान हलवली आणि गाडी घेतली, आणि साखळी-केरीवरून चोर्ला घाटात भल्या पहाटे जाताना तो खरोखर सुखी असतो. आकडा माहीत असताना घेतलेली गाडी वेगळी.

विम्यात शून्य घसारा (बदललेल्या भागांच्या किमतीतून घसारा न कापणारे) आणि इंजिन संरक्षण ही दोन पूरक कवचे मागावीत, कारण साचलेल्या पाण्यात बंद पडलेले इंजिन पुन्हा सुरू करताना बिघडले, तर साधा विमा बहुधा हात वर करतो. सर्व्हिस गोव्यातच होईल की गाडी बेळगाव, कोल्हापूर किंवा पुण्याला न्यावी लागेल, आणि बंद पडल्यास ती सपाट फळ्याच्या ट्रकवर उचलणारे कोणी जवळ आहे का, हेही विचारावे. बुटक्या गाडीला हुक लावून ओढणारे मदतीपेक्षा नुकसानच अधिक करतात.

जुन्या गाडीच्या बदल्यात किती मिळतील, हा विषय टेस्ट ड्राइव्हच्या दिवशी काढूच नये. नव्या गाडीवरची सूट आणि जुनीची किंमत एकाच कागदावर आली, की एकीकडे दिलेले दुसरीकडे कापून घेतलेले दिसत नाही. जुनीचे मोल बाहेर दोन ठिकाणी वेगळे करून घ्यावे. तिच्या विम्यावरचा नो-क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, गाडीचा नसून मालकाचा असतो आणि तो पाच विनादावा वर्षांनंतर ५० टक्क्यांपर्यंत पोहोचतो. तेव्हा विक्री करताना विमा कंपनीकडून तसे पत्र घेऊन ठेवावे. माझी सिटी अजून दारात आहे, त्यामुळे ते पत्र मागण्याची वेळ माझ्यावर आलेली नाही. मेहुण्याने मात्र आधी गवंड्याला बोलावून फाटकाचा उतार फोडून घेतला आहे, आणि नवे काँक्रीट वाळल्यावर तो पुन्हा टेप लावणार आहे.