डाव्या पानावर शब्द, उजव्या पानावर व्याख्या

गणितात एमएस्सी झाल्यावर एका मुलाखतीत मी ठणकावून 'लाय अल्जिब्रा' म्हणालो आणि समोरचे तिघंही एकदम खाली कागदात बघायला लागले. नॉर्वेचे गणिती सोफस ली (१८४२–१८९९), त्यांचं आडनाव ते, उच्चार 'ली'! आता सोलापुरात घरी शिकायला येणाऱ्या पोरांना मी आधी वहीचं डावं पान मोकळं ठेवायला लावतो. शब्द कुणी आणला, कधी, कुठल्या भाषेतून, आणि त्याआधी काय म्हणायचे, एवढं तिथं लिहायचं. व्याख्या उजवीकडं.

शेवटचा प्रश्न गाळू नका. 'ली अल्जिब्रा', म्हणजे साधारण 'एबी वजा बीए' अशा क्रियेवर उभी असलेली बीजगणितातली रचना, हे नाव ली यांनी दिलेलं नाही. ते रूढ केलं जर्मन गणिती हर्मन वाइल यांनी, १९३० च्या दशकात. त्याआधी त्याच वस्तूला 'इन्फिनिटेसिमल ग्रुप' म्हणत. हे ठाऊक नसेल तर जुने लेख वाचताना एकच गोष्ट दोनदा शिकाल.

'सिम्प्लेक्टिक' (एका प्रकारच्या ग्रुपचं नाव) हा शब्दही वाइल यांचाच, १९३९ चा. आधी ते त्याला 'कॉम्प्लेक्स ग्रुप' म्हणायचे, पण कॉम्प्लेक्स संख्यांशी घोटाळा व्हायला लागला. मग लॅटिन 'कॉम्प्लेक्स', म्हणजे एकत्र गुंफलेलं, त्याचाच ग्रीक जोड शोधला. चादरीच्या गावात हे लगेच पटतं, पण ताणा-बाण्याचं चित्र व्याख्येत घुसवू नका.

'शीफ'वर मात्र वेळ घालवा. फ्रेंच गणिती झाँ लरे दुसऱ्या महायुद्धात ऑस्ट्रियातल्या युद्धकैद्यांच्या छावणीत होते. यंत्रशास्त्राचं ज्ञान जर्मनांच्या कामी येऊ नये म्हणून ते टोपॉलॉजी (आकारांच्या सलगपणाचं गणित) करत राहिले आणि त्यातून ही कल्पना आली. त्यांचा फ्रेंच शब्द 'फेसो' म्हणजे नुसती जुडी. इंग्रजीत तिची धान्याची पेंढी झाली. आमचं शेत मंगळवेढ्याकडं, त्यामुळं मला कडब्याचीच पेंढी दिसते. प्रत्येक विवृत संचावर (ओपन सेटवर) फलनं (फंक्शन्स) असतात. तुकड्यांवरची फलनं छेदात जुळली की सांधून एकच फलन मिळतं, ही झाली पेंढी. दोन फलनं बिंदूभोवतीच्या कुठल्याशा छोट्या परिसरात तंतोतंत सारखी असतील तर त्यांचा 'जर्म', म्हणजे कोंब, एकच. एका बिंदूवरचे सगळे कोंब मिळून 'स्टॉक', म्हणजे ताट.

इथंच पोरं फसतात. पेंढी, ताट, कोंब झाल्यावर एकीनं 'रूट'खाली ज्वारीची मुळं काढली होती, तंतूंसकट. मराठीत 'मूळ' दोन्हीकडं चालतं, तिचा तरी काय दोष! पण ली सिद्धान्तातलं रूट समीकरणाचं आहे. जर्मन गणिती विल्हेल्म किलिंग यांनी १८८० च्या दशकाअखेरीस ज्या लाक्षणिक समीकरणावर काम केलं, त्याची ही मुळं.

अशा वेळी सगळ्यात लहान उदाहरण हातानं करा. २×२ च्या सारण्या (मॅट्रिक्स) घ्या. एच म्हणजे कर्णावर १ आणि −१. ई म्हणजे वरच्या उजव्या कोपऱ्यात १, बाकी शून्य. एफ म्हणजे खालच्या डाव्या कोपऱ्यात १. एचई वजा ईएच काढा: २ई. एफसाठी −२एफ. पुढं आलेले हे २ आणि −२ हीच ती मुळं. तिनं मुळं खोडली आणि त्या जागी २, −२ लिहिलं.