खराब पाणी: आधी दोष टाकीत की वाहिनीत ते शोधा

नळाला गढूळ किंवा वास मारणारं पाणी आलं की इमारतीत दोन प्रकारची माणसं कामाला लागतात. एक पाणी खात्याला फोन लावतो, दुसरा टाकी धुणाऱ्याला. दोघांचाही हेतू चांगला, पण दोष कुठे आहे हे दोघांनाही ठाऊक नसतं. घाण वाहिनीतून येत असेल तर आज धुतलेली टाकी पुढच्याच पुरवठ्याला पुन्हा खराब होते. घाण टाकीत असेल तर खात्याचा माणूस येऊन मीटरपाशी पाणी तपासतो, ‘आमच्याकडून ठीक आहे’ असा शेरा मारतो आणि तक्रार बंद होते. पुढच्या वेळी खरोखर वाहिनी फुटली तरी त्या इमारतीच्या फोनकडे फारसं कोणी लक्ष देत नाही.

म्हणून पहिलं काम मोजणीचं. सीमा म्हणजे मीटर: त्याच्या अलीकडचं पाणी तुमचं, पलीकडचं खात्याचं. दोन्ही बाजूंना उरलेलं क्लोरिन मोजायचं. शुद्धीकरणानंतर पाण्यात थोडं मोकळं क्लोरिन मुद्दाम राखलेलं असतं, ते वाटेतल्या घाणीशी लढण्यासाठी. नळापर्यंत पोचताना ते लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावं. सांडपाणी मिसळलं की क्लोरिन त्या घाणीवर खर्ची पडतं आणि आकडा शून्यावर येतो. पाणी दिसायला स्वच्छ असलं तरीही.

मोजायला क्लोरिन चाचणी संच लागतो. ओटी आणि डीपीडी ही त्यातल्या रसायनांची नावं: ओटीच्या संचात पाणी पिवळं होतं, डीपीडीच्या संचात गुलाबी. निवड करता येत असेल तर डीपीडी घ्या, त्यात मोकळ्या क्लोरिनचा आकडा जास्त भरवशाचा मिळतो. पुरवठा चालू असताना मीटरजवळच्या थेट नळातून, मग खालच्या टाकीतून आणि शेवटी वरच्या टाकीवरच्या नळातून, अशा तीन ठिकाणचं पाणी घ्यायचं. नळ दोन-तीन मिनिटं वाहू द्या, नळी त्याच पाण्याने दोनदा विसळा, खुणेपर्यंत भरा आणि संचावर सांगितलेले थेंब किंवा गोळी टाका. ओटीचा रंग दहाएक सेकंदांतच वाचायचा, मागे पांढरा कागद धरून, दिवसाच्या उजेडात. उशीर केला की रंग गडद होत जातो, कारण इतर पदार्थांशी जोडलं गेलेलं क्लोरिनही त्यात येऊ लागतं आणि आकडा फुगतो. तपासलेलं पाणी मोरीत ओता, भांड्यात परत नको.

या चाचणीत फसवणाऱ्या दोन गोष्टी आहेत. एक, जुनं द्रावण. आकडा शून्य आला तर आधी संचाचीच परीक्षा घ्या: लिटरभर पाण्यात ब्लीचचा एक थेंब टाकून तेच पाणी तपासा. रंग आला नाही तर दोष संचाचा. दुसरी, फार जास्त क्लोरिन. डीपीडीचा गुलाबी रंग भरपूर क्लोरिनमध्ये उडून जातो आणि पाणी बिनरंगी दिसतं, म्हणजे ‘शून्य’ वाटतं. टाकी नुकतीच निर्जंतुक केली असेल तर हे हमखास घडतं. अशा वेळी नमुन्यात क्लोरिन नसलेलं पाणी मिसळून, पातळ करून पुन्हा बघा.

आता आकडे वाचू. मीटरपाशी ०.२ किंवा जास्त आणि वरच्या टाकीत शून्य, तर गडबड इमारतीत आहे. मीटरपाशीच शून्य आणि शेजारच्या गल्लीत ०.५, तर तुमच्या वाहिनीत कुठे तरी शिरकाव आहे. सगळ्याच गल्ल्यांत शून्य असेल तर प्रश्न मोठ्या जलकुंभाचा किंवा शुद्धीकरणाचा. एक अपवाद लक्षात ठेवा. टाकी वापराच्या मानाने फार मोठी असेल आणि पाणी तीन-चार दिवस साचून राहत असेल, तर स्वच्छ टाकीतही क्लोरिन उडून जातं. तिथे टाकी घासून काही हाती लागत नाही, बॉलकॉक खाली घेऊन साठा कमी करावा लागतो.

पाणी कोणत्या वेळी खराब येतं, यावरूनही बरंच कळतं. पुरवठा सुरू झाल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं गढूळ आणि नंतर स्वच्छ, असं असेल तर गळती बहुधा जवळपास आहे. पाणी बंद असताना नळीतला दाब नाहीसा होतो आणि जिथून एरवी पाणी बाहेर गळतं, त्याच भोकातून गटाराचं पाणी आत शिरतं. पुरवठा आला की ते सगळ्यात आधी तुमच्याकडे येतं. संपूर्ण वेळ खराब येत असेल तर मोठा तडा किंवा चुकीची जोडणी शोधावी लागते. एखाद्याने बोअरवेलची किंवा टँकरची नळी मुख्य नळजोडाला थेट जोडलेली असते, ती बघा.

आणि वाहिनीलाच लावलेली मोटर. हा विषय काढला की शेजारी नाराज होतात, पण लिहिलंच पाहिजे. मीटरनंतर टाकी न ठेवता थेट वाहिनीवर मोटर चालवली की ती पाण्याबरोबर आजूबाजूची घाणही ओढते. गल्लीत अशा दोन-तीन मोटरी एकदम चालू असतील तर पुरवठ्याच्या वेळेतसुद्धा नळीत उलटा दाब तयार होतो. तक्रार लिहायच्या आधी आपल्या इमारतीची मोटर खालच्या टाकीतूनच पाणी उचलते ना, हे बघून घ्या.

खालच्या टाकीला तडा आहे का, हे एका रात्रीत कळतं. रात्री बॉलकॉक आणि बाहेर जाणारे सगळे कॉक बंद करा, मोटरला हात लावू नका, पाण्याच्या पातळीवर भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारा. सकाळी पातळी उतरली असेल तर टाकी गळते. चढली असेल तर जास्त वाईट: बाहेरचं पाणी आत येतंय. अशी टाकी आधी दुरुस्त करायची आणि मग धुवायची. झाकण जमिनीच्या पातळीला असेल तर पावसाचं आणि आवार धुतल्याचं पाणी थेट आत उतरतं. त्याला वीत-दीड वीत उंच कडा बांधून घ्या. ओव्हरफ्लोची नळी कधीही गटाराच्या पाण्यात बुडलेली नसावी, आणि तिच्या तोंडाला बारीक जाळी हवी.

टाकीत दोष निघाला तर

आधी सुरक्षितता, कारण टाकी धुताना माणसं मेल्याच्या बातम्या वारंवार येतात. बंद टाकीत प्राणवायू कमी असू शकतो, आणि ते नाकाला कळत नाही. सगळी झाकणं काही तास आधी उघडा, पंख्याने हवा आत सोडा. आत उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि बाहेर किमान एक माणूस, जो काम संपेपर्यंत तिथून हलणार नाही. आतला माणूस कोसळला तर मागोमाग उडी मारायची नाही, दोराने ओढायचं आणि मदत बोलवायची. दुसरा मृत्यू अनेकदा उडी मारणाऱ्याचाच असतो. डिझेलचा पंप टाकीत किंवा टाकीच्या तोंडाशी चालवू नका, त्याचा धूर आत साठतो. मेणबत्ती उतरवून बघण्याच्या जुन्या पद्धतीवर विसंबू नका.

टाकी रिकामी करा आणि तळाचा गाळ काढून टाका. वापराची नळी तळापासून थोडी वर असते, त्यामुळे खालचा थर कधीच बाहेर जात नाही. गाळ मोटरने उपसायचा तर तो पाणी चढवण्याच्या नळीतून नको, वेगळ्या होजने थेट बाहेर काढा. भिंती, तळ, छताची खालची बाजू आणि झाकण कडक ब्रशने घासा. पाण्याच्या रेषेच्या जरा वरची पट्टी नीट घासा. डेंगी पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी तिथेच अंडी चिकटवते, आणि ती कोरडी पडली तरी महिनोन् महिने जिवंत राहतात. नुसतं पाणी काढून टाकलं तर अंडी जागच्या जागी असतात आणि टाकी भरली की फुटतात. अंड्यापासून उडणारा डास व्हायला उबदार हवेत आठ-दहा दिवस पुरतात.

घासल्यावर निर्जंतुकीकरण. प्रमाण सोपं आहे: लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरिन, २४ तास. ताज्या ब्लीचिंग पावडरीत, म्हणजे टीसीएलमध्ये, साधारण २५ ते ३३ टक्के क्लोरिन असतं. २५ टक्के धरून १,००० लिटरला २०० ग्रॅम पावडर लागते, १०,००० लिटरच्या टाकीला २ किलो. पाच टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट असेल तर १,००० लिटरला १ लिटर. पिशवी उघडी राहिलेली, ओल लागून गोळे झालेली पावडर वापरू नका, तिच्यातलं क्लोरिन उडालेलं असतं आणि हिशेब कागदावरच राहतो.

पावडर थेट टाकीत ओतायची नाही, ती तळाला चुन्यासारखी बसते. प्लॅस्टिकच्या बादलीत पाणी घेऊन त्यात थोडी थोडी पावडर घाला, ढवळा, पंधरा-वीस मिनिटं निवळू द्या. वरचं निवळ पाणी टाकीत जातं, खालचा चोथा नाही. टाकी पाव भरली की हे द्रावण घाला आणि मग पूर्ण भरा, म्हणजे आपोआप मिसळतं. धातूची बादली नको. हातमोजे आणि चष्मा हवाच. टॉयलेट क्लीनर किंवा कोणतंही आम्ल जवळ आणू नका: ब्लीचमध्ये आम्ल मिसळलं की क्लोरिन वायू सुटतो, आणि टाकीच्या तोंडाशी वाकलेल्या माणसाला तो लगेच बाधतो.

नळ्याही निर्जंतुक व्हायला हव्यात. टाकी भरल्यावर प्रत्येक मजल्यावर एक-एक नळ क्लोरिनचा वास येईपर्यंत उघडा आणि बंद करा. त्याआधी घरोघरी सांगून आरओ यंत्रांचे आणि गीझरचे कॉक बंद करून घ्या. इतक्या क्लोरिनने आरओचा पडदा खराब होतो. जिन्यात, लिफ्टपाशी ठळक सूचना लावा: २४ तास नळाचं पाणी वापरू नये. लागणारं पाणी आदल्या दिवशी भरून ठेवायला सांगा. चोवीस तासांनी पाणी सोडून द्या, पण विहिरीत, तळ्यात किंवा झाडांच्या आळ्यात नाही. टाकी पुन्हा भरा आणि नळाचा आकडा मीटरच्या आकड्याजवळ येईपर्यंत नळ वाहू द्या.

पाण्याची टंचाई असेल तर भरलेली टाकी ओतून देणं जिवावर येतं. गच्चीवरच्या लहान टाक्यांना दुसरा मार्ग चालतो: १० लिटर पाण्यात ८ ग्रॅम पावडर, म्हणजे लिटरला २०० मिलिग्रॅम क्लोरिन. हे द्रावण लांब दांड्याच्या ब्रशने, टाकीबाहेर उभं राहून सगळ्या भिंतींना लावा, अर्धा तास ओलं ठेवा आणि स्वच्छ धुऊन काढा. आत बसून हे करू नका, वाफ घशाला लागते.

वाहिनीत दोष निघाला तर

पिण्याचं पाणी खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट तसंच उकळत ठेवा आणि झाकून गार करा. आलेलं पहिलं पाणी टाकीत जाऊ देऊ नका, मीटरनंतरच्या कॉकमधून बाहेर सोडा.

तक्रारीत ‘पाणी खूप घाण येतं, कृपया लक्ष द्यावं’ एवढंच असेल तर ती कोणत्याही टेबलावर अडकते. तारीख आणि पुरवठ्याची वेळ, मीटरपाशी मोजलेला आकडा, शेजारच्या गल्लीतला आकडा, पहिली किती मिनिटं गढूळ, किती घरांना त्रास, आणि जवळचं गटार किंवा व्हॉल्व्हचा खड्डा भरलेला असेल तर त्याचा फोटो द्या. मागणीही नेमकी हवी: त्याच जागी क्लोरिन तपासा, गळती शोधा, दुरुस्तीनंतर वाहिनी धुऊन काढा, जिवाणू तपासणीच्या अहवालाची प्रत द्या. तुंबलेल्या गटाराची तक्रार वेगळी नोंदवा. दोन खात्यांचं एकाच अर्जात लिहिलं की दोन्ही खाती एकमेकांकडे बोट दाखवतात.

प्रयोगशाळेसाठी नमुना घ्यायचा तर निर्जंतुक बाटली त्यांच्याकडूनच आणा. तिच्या तळाशी असलेली पूड किंवा थेंब विसळून टाकू नका; ते क्लोरिन थांबवण्यासाठी असतं, नाहीतर वाटेतच जंतू मरतात आणि अहवाल खोटा चांगला येतो. नळाची जाळी काढा, तोंड पुसा, पाणी वाहू द्या, बाटलीत थोडी हवा राखून भरा आणि बर्फाच्या डब्यात ठेवून शक्यतो सहा तासांत पोचवा. १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारा जिवाणू, एकही नसावा.

एकाच आठवड्यात दोन-तीन घरांत जुलाब किंवा कावीळ दिसली तर आरोग्य खात्यालाही कळवा, सोबत यादी द्या: कोणतं घर, कोणता नळजोड, लक्षणं कधी सुरू झाली. लंडनमध्ये १८५४ साली डॉक्टर जॉन स्नो यांनी असाच घरवार हिशेब मांडून पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा, माग ब्रॉड स्ट्रीटच्या हातपंपापर्यंत लावला होता. यादीत तारखा महत्त्वाच्या. पटकी काही तासांपासून पाच दिवसांत दिसते, टायफॉइडला साधारण एक ते तीन आठवडे लागतात, हिपॅटायटिस ए च्या काविळीला सरासरी चार. त्यामुळे आज कावीळ निघाली आणि आजचा नमुना स्वच्छ आला, म्हणून पाणी निर्दोष ठरत नाही. महिन्यापूर्वी वाहिनी कुठे खणली होती ते विचारा.

दुरुस्ती झाल्यावर लागोपाठ तीन पुरवठ्यांना मीटरपाशी आकडा घ्या. तिन्ही वेळा ०.२ च्या वर आला की मगच टाकी एकदा धुवा, कारण मधल्या काळातली घाण तिच्या तळाशी बसलेली असते. त्याआधी ‘तक्रार निकाली’ असा संदेश आला तर तो तसाच सोडू नका; मुदतीच्या आत, नवे आकडे जोडून तक्रार पुन्हा उघडा.