घरचं वायफाय एका दुपारी नीट कसं लावावं

घरी इंटरनेट आलं की केबलवाला भिंतीला राऊटरचा डबा ठोकतो, एखादा व्हिडिओ लावून दाखवतो आणि निघून जातो. त्यानंतर कित्येक वर्षं त्या डब्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. मग एक दिवस प्रायव्हसीची आठवण होते आणि प्रश्न येतो, "चांगलं व्हीपीएन कोणतं घेऊ?" व्हीपीएन, म्हणजे आपलं इंटरनेट दुसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरमधून फिरवणारी सेवा, राहू द्या. त्या डब्यातच फुकटची कामं पडून आहेत, ती आधी उरका.

पहिलं काम जागेचं, कारण आपण नागपुरात राहतो. बहुतेक घरगुती राऊटरच्या माहितीपत्रकात चालवायचं तापमान ० ते ४० अंश सेल्सिअस दिलेलं असतं. मे महिन्यात इथला पारा पंचेचाळिशीला भिडतो. वरच्या मजल्यावर तापलेली स्लॅब असेल तर बघायलाच नको. नवतप्यात (मे अखेरचे नऊ तापलेले दिवस) भर दुपारी नेट तुटतं आणि रात्री आपोआप सुधारतं, असं होत असेल तर तक्रार नोंदवण्याआधी डब्यावर हात ठेवून बघा. उन्हाच्या भिंतीवरून, टीव्हीच्या मागून, बंद कपाटातून तो बाहेर काढा. घराच्या मधोमध, डोक्याच्या उंचीवर, मोकळ्या हवेत ठेवा. कूलरपासूनही दूर. त्याचा पत्रा लहरी अडवतो आणि टाकीतलं पाणी त्या शोषून घेतं, त्यामुळे राऊटर आणि पलंग यांच्या मध्ये कूलर आला की उन्हाळाभर "आमच्या बेडरूममध्ये रेंजच नाही" सुरू होतं. फायबरची वायर मात्र स्वतः ओढू नका, दुमडू नका. ती आतून काचेची असते. ती हलवायला केबलवाल्यालाच बोलवा.

आता आत शिरा. डब्याच्या खाली स्टिकर असतं, त्याचा मोबाईलवर फोटो काढा. ब्राउझरमध्ये त्यावरचा पत्ता टाका, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो (आकडे इंग्रजीत टाकायचे). इथे दोन वेगवेगळे पासवर्ड असतात, आणि सगळी गल्लत इथेच होते. एक वायफायचा, जो आपण पाहुण्यांना देतो. दुसरा या सेटिंगच्या पानाचा, जो कित्येक घरांत अजून 'ॲडमिन' एवढाच आहे. दुसरा आधी बदला. तुमच्याकडे पीपीपीओई जोडणी (युजरनेम-पासवर्ड टाकल्यावरच नेट सुरू होतं ती) असेल तर तिचं युजरनेम आणि पासवर्ड केबलवाल्याकडून लिहून घ्या, मगच बाकी बटणांना हात लावा. चुकून रीसेट झालं तर त्याशिवाय नेट परत येत नाही, आणि रविवारी तो फोन उचलत नाही.

मग वायफायच्या पानावर जा. सुरक्षेच्या (सिक्युरिटी) रकान्यात वायफाय कुलूपबंद ठेवणारी डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ पद्धत ठेवा. घरातला जुना फोन डब्ल्यूपीए३ला जुळला नाही तर दोन्हींचा मिश्र पर्याय घ्या. पासवर्ड किमान ८ आणि जास्तीत जास्त ६३ अक्षरांचा चालतो, तेव्हा कंजुषी कशाला? एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडा. 'ऑरेंजसिटी' आणि पुढे पिनकोड हा पासवर्ड नव्हे बाप्पा, तो पत्ता झाला. नेटवर्कच्या नावातही आडनाव किंवा फ्लॅट नंबर नको.

तिथेच डब्ल्यूपीएस दिसेल, ते बंद करा. पासवर्ड न टाकता उपकरण जोडायची ही सोय आठ आकडी पिनवर चालते, म्हणजे दिसायला १० कोटी शक्यता. पण राऊटर पिनचे दोन भाग वेगवेगळे तपासतो आणि शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा असतो, हे २०११ मध्ये उघड झालं. उरल्या जेमतेम ११,००० शक्यता. त्या यंत्राकडून एकेक करून तपासून घेता येतात.

वरच्या मजल्यावर किरायदार असतील, पोरांचे मित्र येत असतील, तर गेस्ट नेटवर्क (पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय) चालू करून त्याचाच पासवर्ड वाटा. टीव्ही आणि सीसीटीव्ही कॅमेरेही त्यावरच टाका. या वस्तूंना अपडेट क्वचित येतात. कॅमेऱ्याचा मूळ पासवर्ड बदला. राऊटरमधलं यूपीएनपी (घरातल्या उपकरणांना बाहेरची वाट परस्पर उघडू देणारी सोय) आणि बाहेरून सेटिंग उघडायची सोय, दोन्ही बंद. फर्मवेअरचं, म्हणजे राऊटरच्या आतल्या सॉफ्टवेअरचं, अपडेट असेल तर घ्या.

ओपन-सोर्सची (कोड सर्वांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरची) हौस असेल तर ओपनडब्ल्यूआरटी आहे, राऊटरमध्ये कंपनीच्या सॉफ्टवेअरऐवजी टाकायचं मोफत सॉफ्टवेअर. लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राऊटरमध्ये लिनक्स असल्याचं कळलं, त्याच्या जीपीएल परवान्यामुळे (तो कोड वापरून वस्तू विकली तर कोड खुला करावा लागतो) कंपनीने २००३ मध्ये सोर्स कोड खुला केला आणि त्यातून हा प्रकल्प २००४ मध्ये उभा राहिला. कंपनीने अपडेट बंद केलेल्या राऊटरलाही तो कित्येकदा नव्याने उभं करतो. पण इंटरनेट कंपनीने दिलेल्या डब्यावर हा प्रयोग करू नका. सीताबर्डीच्या बाजारातून वेगळा राऊटर घ्या, आणि घेण्याआधी दुकानातच खोक्यावरचा मॉडेल नंबर व्हर्जनसकट ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत शोधा. एकाच मॉडेलच्या दोन व्हर्जनमध्ये आतली चिप पार वेगळी असू शकते. फ्लॅश (साठवणीची जागा) किमान १६ एमबी आणि रॅम किमान १२८ एमबी नसेल तर सोडून द्या.

साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणाऱ्या सेवेला डीएनएस म्हणतात. राऊटरमध्ये त्याच्या रकान्यात ९.९.९.९ टाकलं की क्वाड नाइनची मोफत सेवा सुरू होते. फसवणुकीच्या ज्ञात साइट ती उघडू देत नाही. यातून तुम्ही अदृश्य होत नाही. तुम्ही कोणत्या साइटवर गेलात हे इंटरनेट कंपनीला सहसा तरीही कळतं. साइटची जोडणी एचटीटीपीएस, म्हणजे कुलूपबंद, असेल तर आत काय वाचलं ते कळत नाही. व्हीपीएन घेतलं तर तीच माहिती कंपनीऐवजी व्हीपीएनवाल्याकडे जाते, म्हणून फुकटच्या व्हीपीएनवर माझा विश्वास नाही. त्यापेक्षा अँड्रॉइडवर फायरफॉक्स आणि त्यात जाहिराती आणि माग काढणारे अडवणारं यूब्लॉक ओरिजिन टाका. सगळे पासवर्ड एका कुलूपबंद फाइलमध्ये जपायला संगणकावर कीपासएक्ससी आहे.

शेवटी जोडलेल्या उपकरणांची यादी उघडा. अनोळखी नावं दिसतील, लगेच शेजाऱ्यावर संशय नको. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन वायफायला आपला खरा मॅक पत्ता (प्रत्येक उपकरणाचा ओळख क्रमांक) न देता बनावट पत्ता देतात, त्यामुळे घरचाच फोन परका वाटतो. एकेका फोनचं वायफाय बंद करून यादीतून काय जातंय ते बघा. सगळं बंद करूनही एखादं नाव उरलं तर पासवर्ड पुन्हा बदला.