ओपन-बॅक हेडफोन घरी सुधारायचाय? आधी पॅडला हात घाला, स्क्रूला नंतर

ओपन-बॅक म्हणजे ज्याच्या कपाच्या मागं बंद प्लास्टिक नसतं, जाळी असते. ड्रायव्हरच्या, म्हणजे आतल्या छोट्या स्पीकरच्या, मागचा आवाज मोकळा बाहेर जातो, त्यामुळं गाणं डोक्यात कोंडल्यासारखं न वाटता समोर खोलीत चालल्यासारखं वाटतं, आणि त्याच कारणानं घरातल्या सगळ्यांना पण ऐकू जातं. मी पहिल्यांदा लावून बसलो तेव्हा आई स्वयंपाकघरातनं ओरडली, "कानाला लावूलास की घराला?" याच्यावर कुठलाही मॉड, म्हणजे घरगुती फेरफार, नाही. गळती बंद करायला मागची जाळी झाकली तर तो ओपन-बॅक राहत नाही, आवाज डब्यातनं आल्यासारखा होतो. करून बघितलंय, करू नका.

हितं बेळगावात एक बरं आहे, वर्षातले बरेच महिने पंखा न लावता बसता येतं. चालू पंख्याखाली ओपन-बॅक ऐकणं म्हणजे अर्धे पैसे पाण्यात. पावसाळ्यात मात्र पत्र्यावर पाऊस सुरू झाला की काही खरं नाही, त्याचं शेवटी सांगतो.

माझी पहिली चूक आधी सांगून टाकतो म्हणजे तुमची वाचेल. मी सगळ्यात आधी स्क्रू काढले. व्हिडिओ बघून उत्साह आला होता, कप उघडला, लोखंडी स्क्रूड्रायव्हर हातात तसाच, आणि ड्रायव्हरच्या मागं चांगला जोरदार मॅग्नेट असतो हे माहीत असून पण डोक्यात आलं नाही. टोक खेचलं गेलं आणि ड्रायव्हरला जाणारी केसासारखी बारीक तार तुटली. एक बाजू गप्प. त्या तारेला सोल्डरिंग करणं माझ्याच्यानं झालं नाही, गल्लीतल्या रेडिओवाल्या काकांच्यानं पण झालं नाही, त्यांनी भिंगातनं बघून फक्त मान हलवली. म्हणून आता नियम असा की जे कानाला लागतं तिथनं सुरुवात, आणि जे परत काढता येतं तेच करायचं. खरं सांगतो, आवाजातला मोठा फरक पडतो तो पण तिथंच पडतो, आत नाही.

तर पॅड. पॅड म्हणजे नुसती उशी नव्हे. ड्रायव्हर आणि कान यांच्यात किती अंतर, मधल्या जागेतनं हवा किती गळते, हे दोन्ही पॅडच ठरवतो. हवा गळली की बास, म्हणजे खालचा जाड आवाज, जातो, चष्म्याची काडी पॅडखाली आली तरी जातो. पॅड जुना होऊन दबला की ड्रायव्हर कानाजवळ येतो, गाणारा अंगावर आल्यासारखा वाटतो, आणि कानाची पाळी आतल्या प्लास्टिकला टेकून अर्ध्या तासात दुखायला लागते. लोक म्हणतात हेडफोन बिघडला. बिघडला नाही, पॅड बसलाय.

मखमली पॅड घाम कमी आणतो, तासन्‌तास घालता येतो, पण हवा सोडतो म्हणून बास थोडा कमी. रेक्झिनचा पॅड चिकटून बसतो, बास जास्त, पण एप्रिल-मे मध्ये कान शिजतो, आणि पावसाळ्याच्या दमट हवेत त्याच्या वरच्या थराचे पापुद्रे निघून केसात, मानेवर काळे तुकडे दिसायला लागतात. बारीक भोकं पाडलेलं रेक्झिन मिळतं ते दोन्हीच्या मधलं. मी मखमलीवर आहे, बास थोडा कमी चालतो मला, ज्याला बासच पाहिजे त्यानं मुळात ओपन-बॅक घ्यायलाच नको होता.

विकत घ्यायच्या आधी कपाचा बाहेरचा व्यास आणि पॅडच्या भोकाचा आतला व्यास दोन्ही मिलीमीटरमध्ये मोजा, "सगळ्यांना बसतो" असं लिहिलेलं असतं त्याच्यावर जाऊ नका. बसवायची पद्धत मॉडेलप्रमाणे वेगळी. सेनहायझर एचडी ६०० सारख्याला पॅडच्या कडेला प्लास्टिकचे क्लिप असतात, दाबलं की टक्‌ करून बसतो. ग्राडोचे फोमचे पॅड नुसते टोपीसारखे चढवायचे. एकेजी के २४० किंवा बायरडायनॅमिक डीटी ९९० च्या पॅडला मागं एक पातळ ओठ असतो तो कपाच्या कडेवर ताणून घालायचा, आणि ह्याच्यात माणूस घामाघूम होतो. एका बाजूनं अडकवा, मग जुनं एटीएम कार्ड घालून गोल फिरवत फिरवत ओठ आत ढकलत न्या, नखानं ओढलात तर शिवण फाटते.

नवीन पॅड घ्यायचा नसेल तर फुकटातला उपाय म्हणजे जुना पॅड उचलायचा. हार्डवेअरच्या दुकानात दार-खिडकीच्या फटीला लावायचा फोमचा टेप मिळतो, त्याची पट्टी पॅडच्या ओठाखाली गोल फिरवून ठेवा, दोन-तीन मिलीमीटर पुरे. कान प्लास्टिकला टेकायचा थांबतो. पट्टी फक्त मागच्या अर्ध्या गोलात, म्हणजे कानाच्या मागच्या बाजूला ठेवली तर पॅड तिरका होतो, आणि आपला कान पण डोक्याला तसा तिरकाच असतो म्हणून बरा बसतो. माझ्या हेडफोनवर एवढ्या एका पट्टीनं जे झालं ते पुढच्या सगळ्या उद्योगांनी मिळून झालं नाही.

घामासाठी शहापुरातल्या आमच्या शिंपीमामांकडनं जुन्या बनियनच्या कापडाची गोल कव्हरं शिवून घेतली, आत इलॅस्टिक, कुकरच्या रिंगसारखी दिसतात. मामांनी आधी विचारलं की हे कशाची टोपी. दर आठवड्याला धुता येतात. रेक्झिनच्या पॅडवर घातली तर थोडी हवा गळते, बास किंचित उतरतो, ते धरून चाला.

आता डोक्यावरचा दाब. नवा हेडफोन कानशिलं आवळतो. पुस्तकांचा गठ्ठा करून त्याच्यावर रात्रभर ताणून ठेवायचा. आपल्या डोक्याच्या रुंदीपेक्षा एक-दोन सेंटीमीटरच जास्त, सकाळी घालून बघा, कमी वाटलं तर अजून एक वही वाढवा. लोकांनी मला कुंद्याचा, म्हणजे आमच्या बेळगावच्या मिठाईचा, खोका सुचवला होता, पण रिकामा खोका चेपतो आणि भरलेला आमच्या घरात सकाळपर्यंत राहत नाही. आत लोखंडी पट्टी असेल तर हातानं थोडी थोडी वाकवता येते, पूर्ण प्लास्टिकचा बँड असेल तर वाकवू नका आणि गरम पण करू नका, एक दिवस कट्‌कन जातो. आणि फार सैल करू नका, कारण सैल झालं की पॅड नीट टेकत नाही आणि बास गेला. म्हणजे आराम आणि आवाज ही दोन कामं वेगळी नाहीतच, एक स्क्रू न काढता तुम्ही आवाज बदलत असता. डोक्याचा वरचा भाग दुखत असेल तर जुन्या स्वेटरची बाही कापून बँडला गुंडाळा आणि टाके घाला, दिसायला जरा गावठी दिसतं पण बघतंय कोण.

हे सगळं करून आठवडाभर ऐका. मग पण "स" आणि "श" कानाला टोचत असतील, झांज म्हणजे पत्रा वाजवल्यासारखी येत असेल तर फोम आणि टिश्यूकडे या. टोचणारा भाग साधारण ५ ते ८ किलोहर्ट्झच्या आसपास असतो. साधा टिश्यू पेपर घ्या, त्याचे दोन पदर सुटे करा, एकच पदर पॅडच्या आत ड्रायव्हरच्या जाळीसमोर ठेवा. एवढ्या पातळ कागदानं काय होणार असं वाटतं, पण फरक पडतो. कमी वाटला तर दोन-तीन मिलीमीटरचा पातळ फोम. फोम गादीवाल्याकडं तुकड्यात मिळतो, फक्त फुंकर मारून बघा, हवा आरपार गेली पाहिजे. पॅकिंगचा पांढरा फोम हवा सोडत नाही, तो घातला तर गाणारा गोधडीतनं गायल्यासारखा येतो. गोल कापायला आमटीची वाटी उलटी ठेवून पेनानं आखा. डावी-उजवी एकाच फोममधनं, एकाच मापाची. दोन बाजू सारख्या नसल्या तर गाणारा मधे उभा राहत नाही, एका कानाकडं सरकतो, आणि ते एकदा लक्षात आलं की मग तेच ऐकू येत राहतं.

ऐकून ठरवायचं कसं? ओळखीचं रेकॉर्डिंग धरा. मी कुमार गंधर्व लावतो, आपल्या जवळच्या सुळेभावीचे, १९२४ चा जन्म. तानपुरा भरून वाजतोय का, मधेच घेतलेला श्वास ऐकू येतो का, आणि वरच्या सुरात आवाज किंचाळतोय का, एवढं बघतो. बाससाठी पखवाज असलेला अभंग. एका वेळी एकच बदल, वहीत लिहून ठेवायचा, आणि तुलना करताना आवाजाची पातळी सारखी ठेवायची, कारण जे जरा मोठं वाजतं ते कानाला चांगलंच वाटतं, सगळे ह्याच्यातच फसतात. मी तर एकदा फोम घालून "काय सुधारलंय मर्दा" म्हणून दोन दिवस खूश होतो, नंतर कळलं व्हॉल्यूम दोन घरं वर होता.

पॅड काढल्यावर ड्रायव्हरच्या भोवती बारीक भोकं दिसतील, काहींच्यावर कापड किंवा कागद चिकटवलेला असतो. ड्रायव्हरच्या पुढचा आणि मागचा आवाज एकमेकाच्या उलट असतो, भोकातनं भेटले की खालचा बास खाऊन टाकतात. भोकं झाकली की बास बदलतो, किती आणि कसा ते प्रत्येक हेडफोनचं वेगळं. ह्याला मेडिकलमधला कागदी मायक्रोपोर टेप वापरा, तो थोडी हवा सोडतो आणि गोंद न राहता निघतो. सेलोटेप नको. एकदम सगळी नको, दोन्ही बाजूची समोरासमोरची दोन-दोन झाका आणि ऐका. ड्रायव्हरच्या मागं मधोमध एक भोक असतं त्याला हात लावू नका, तिथला कागद कारखान्यानं विचार करून लावलेला असतो.

कप उघडायचाच असेल तर टेबलावर लोखंडाचा कीस, टाचण्या काही नको, मॅग्नेट ओढून घेतो आणि मग तो निघत नाही. एका बाजूनं खरखर येत असेल तर बहुतेक वेळा केस गेलेला असतो आत, ड्रायव्हरच्या हलणाऱ्या पातळ पडद्याला टेकून वाजतो. पितळी किंवा प्लास्टिकच्या चिमट्यानं काढा. पडद्यावर फुंकर मारायची नाही, बोट तर लावायचंच नाही.

हे सगळं करून पण आवाजातला एखादा भाग टोचत असेल तर इक्वलायझर, म्हणजे आवाजाचा एकेक भाग वेगळा कमी-जास्त करणारं ॲप, लावा, त्यात कमीपणा काय नाही. विंडोजवर इक्वलायझर एपीओ, अँड्रॉइडवर वेव्हलेट. वाढवण्यापेक्षा कमी करायची सवय ठेवा, बास वाढवलाच तर प्रीअँप, म्हणजे त्याच ॲपमधली एकूण आवाजाची पातळी, तेवढाच खाली आणा नाहीतर आवाज फाटतो. टिश्यू आणि इक्वलायझर दोन्हीनं एकच काम करायला लावू नका. आणि ३०० ओहमचा हेडफोन साध्या मोबाईलवर बारीक वाजत असेल तर तो बिघडलेला नाही, त्याला व्होल्टेज कमी पडतंय, छोटा डॅक-अँप, म्हणजे मोबाईलला जोडायचा हेडफोनचा अँप्लिफायर, घ्या.

केबलचं थोडक्यात. तुटते ती बहुतेक वेळा पिनेजवळच. तिथनं दोन इंच कापून नवी ३.५ मिलीमीटरची पिन जोडायची. पिनेचं टोक डावं, मधली रिंग उजवी, मागचा भाग ग्राउंड. आतल्या तारांवर रंगीत इनॅमल असतं, तो जाळल्याशिवाय सोल्डर धरत नाही, २५ वॅटची सोल्डरिंगची इस्त्री आणि रोझिन (सोल्डर धरायला लावायची राळ) पुरे. रंगावर विश्वास ठेवू नका, मल्टिमीटर लावून बघा, बरोबर तार असेल तर ओहम दिसतात आणि त्या बाजूला बारीक टक्‌ ऐकू येतं. आणि पिनेची टोपी तार जोडायच्या आधी केबलमध्ये ओवा. मी तीनदा विसरलोय.

आता पावसाळा. खानापूरकडच्या लोकांना तर सांगायलाच नको, चपलेला बुरशी येते तिथं मखमल काय टिकणार. मखमली पॅड कोमट पाण्यात साध्या साबणानं धुऊन सावलीत पूर्ण वाळवा, रेक्झिनचा फक्त ओल्या फडक्यानं पुसा. मी जूनमध्ये पॅड काढून, बुटाच्या खोक्यातनं जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या घालून सगळं स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो, आणि डब्यावर चिठ्ठी लावतो, नाहीतर आई त्यात चकल्या भरते. पाऊस ओसरला की गणपतीच्या आसपास बाहेर काढतो, पण तोपर्यंत गल्लीत डॉल्बी सुरू झालेला असतो, म्हणजे अजून दहा दिवस डबा बंदच.