दौऱ्याआधी माणूस उचलला, तर त्याच रात्री काय करायचं

कापसाच्या भावासाठी रस्ता रोको ठरला किंवा मंत्र्यांचा दौरा लागला, की आमच्या वऱ्हाडात आदल्या रात्रीच ठाण्याची गाडी दारात येते. "ठाणेदार साहेबांनी बोलावलं, दहा मिनिटांत सोडतो." दौरा आटोपला की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोडून देतात, कागदावर मात्र काहीच नसतं. मग तक्रार कशाच्या जोरावर करायची? शेतकऱ्यांच्या आंदोलनात ठाण्यावर धावायचं काम माझ्याकडे असतं, म्हणून सांगते: पुढे जाब विचारायचा तर पुरावा त्याच रात्री उभा करावा लागतो.

गाडीत बसायच्या आधी विचारा, "नोटीस आहे की अटक?" भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ ची (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १४९) नोटीस म्हणजे ताकीद, तेवढ्यावर कुणाला ठाण्यात बसवून ठेवता येत नाही. कलम १७० (जुनं १५१) लावलं, तर ती अटकच. त्यासाठी माणूस दखलपात्र गुन्हा (ज्यात पोलिस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) करायच्या बेतात आहे आणि अटकेशिवाय तो टळणार नाही, असं दिसावं लागतं. सोयाबीनच्या भावाचं निवेदन घेऊन उभं राहणं हा गुन्हा नाही. माझ्या मते अशा बहुतेक अटका याच मुद्द्यावर टिकणार नाहीत, फक्त कुणी विचारत नाही.

घरच्यांनी लगेच वहीत वेळ लिहावी. गाडीचा नंबर, वर्दीवरच्या पट्टीचं नाव, शेजारी कोण उभं होतं, सगळं. ११२ ला फोन करून "अमक्याला अमक्या ठाण्यात नेलं" एवढं सांगा. वेळेची नोंद आपोआप होते. बाईमाणूस असेल तर सूर्यास्तानंतर अटक नाही. अपवादात्मक कारण असलं तरी महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आधी घेतलेली परवानगी लागते.

ठाण्यात अटकेचा पंचनामा मागा. त्यावर तारीख, वेळ आणि घरच्याची किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही हवी. सर्वोच्च न्यायालयानं हे १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात बजावलं, आता ते संहितेच्या कलम ३६ मध्येच आहे. अटकेचं कारणही लेखी मागा, मराठीत. "स्वखुशीने ठाण्यात आलो" असा मजकूर पुढे केला तर सही करायची नाही. कोऱ्या कागदावर तर मुळीच नाही. नाइलाजानं करावीच लागली, तर सहीखाली "मजकूर मान्य नाही" लिहून वेळ टाका.

ग्रामीण रुग्णालयात तपासणीला नेलं की डॉक्टरांना प्रत्येक वळ दाखवा आणि तो लिहूनच घ्या. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करणं बंधनकारक आहे.

सुटल्यावर माणसं थकून घरी जातात, वावरातली कामं पडलेली असतात, आणि आठवडा निघून जातो. तसं करू नका. दुसऱ्याच दिवशी पोलिस अधीक्षकांना अर्ज द्या: अमुक वेळेपासून तमुक वेळेपर्यंतचं ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवा. ठाण्यात कॅमेरे लावायचा आदेश सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये दिला आहे. अर्जाची पोच घ्या. आवक विभाग पोच देत नसेल तर स्पीड पोस्टानं पाठवा. स्टेशन डायरीतली त्या दिवसाची नोंद माहिती अधिकारात मागा. नोंदच नसेल, तर तो तुमचा सगळ्यात मोठा पुरावा.

मग तक्रार राज्य पोलिस तक्रार प्राधिकरणाकडे. रीत न पाळता केलेली अटक हा त्यांच्याच कामाचा विषय आहे. मानवाधिकार आयोगाकडे एक वर्षाच्या आत जावं लागतं. अधिकाऱ्यावर खटला भरायचा तर महाराष्ट्र पोलिस कायद्याच्या कलम १६१ मधली सहा महिन्यांची मुदत आडवी येऊ शकते, म्हणून वकिलाला लवकर गाठा. भरपाईसाठी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात रिट याचिका करता येते. विधानसभेत जाऊ नये म्हणून अडवून ठेवलेल्या जम्मू-काश्मीरच्या आमदार भीमसिंग यांना सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्ये ५०,००० रुपये द्यायला लावले होते.

वकिलाला द्यायला पैसे नसतील तर १५१०० वर फोन करा. कोठडीतल्या माणसाला विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो, सातबारा कितीही एकरांचा असो.